शिऱ्यातली गोळी

खलबत्त्यात दिगंबररावांची रक्तदाबाची गोळी कुटताना हेमलताबाईंचा हात थबकला. लॉ कॉलेजात तीस वर्षं त्यांनी एकच गोष्ट घसा फोडून सांगितली होती: औषध घ्यायचं की नाही, हे रुग्ण ठरवेल. त्यावर जाडजूड पुस्तक लिहिलं. ते टाइप करून दिलं नवऱ्यानंच. आणि आता हेच दिगंबरराव गोळीला हात लावत नाहीत म्हणून बाई आठवडाभर ती चोरून शिऱ्यात मिसळत होत्या!

बशी पुढे ठेवल्यावर त्यांना राहवेना. "अहो, थांबा. यात गोळी आहे."

"ठाऊक आहे. पहिल्या दिवसापासून शिरा कडू लागतोय."

"मग खाल्लात कशाला?"

"रुग्णाचं स्वातंत्र्य. प्रकरण तिसरं," दिगंबरराव चमचा उचलत म्हणाले. "गोळी नको म्हटलं होतं. तुझ्या हातचा शिरा नको, असं कधी म्हटलं?"