आपोआप सासरी

अर्जाची शेवटची ओळ टाइप झाली आणि तिची नजर स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात गेली. तिथे हिरवा ठिपका होता.

माहेरी हा ठिपका नसतो.

लॅपटॉप एकच, पण त्यात सिस्टिम दोन. एक विमा कंपनीची, कारण दावे तपासायचं काम ती घरूनच करायची; दुसरी तिची स्वतःची. लेकीने दोन्ही बसवून दिल्या तेव्हा विचारलं होतं, "नावं काय देऊ?" हिने गमतीत सांगितलं, "सासर आणि माहेर." सासरी काय टाइप केलं, हात किती वेळ थांबला, सगळ्याची नोंद. ठिपका लुकलुकला की स्क्रीनचा फोटो थेट साहेबांकडे. माहेरी कोणी काही विचारत नाही. मशीन सुरू केलं की दोन्ही नावं समोर येतात आणि दहापासून उलटे आकडे पडायला लागतात. तेवढ्यात निवडलं नाही, तर मशीन आपोआप सासरी जातं.

ही नावं सासूबाईंच्या कानावर जाऊ द्यायची नाहीत, असं मायलेकींचं ठरलं होतं.

आज ते दहा सेकंद ती सासूबाईंच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालत होती. परत आली तर समोर लेकीचा फोटो. दोन्हीकडे तोच लावायची हौसही हिचीच, त्यामुळे मशीन सासरी गेलंय हे कळलंच नाही. बसली आणि लिहीत सुटली, दुसऱ्या कंपनीत नोकरी मिळावी म्हणून अर्ज. 'सध्याच्या ठिकाणी श्वास घ्यायचीही नोंद होते,' हे वाक्य ठेवावं की काढावं, एवढाच काय तो विचार चालला होता.

ठिपका लुकलुकला.

तिने खटाखट सगळं पुसलं. पुसल्याचीही नोंद होते, हे मग आठवलं.

पंधरा मिनिटांत फोन वाजला. घाईघाईत तिचं बोट भलतीकडेच पडलं आणि साहेबांचा आवाज खोलीभर झाला.

"मॅडम, अकरा वाजून दहा मिनिटांनी तुमच्या स्क्रीनवर नोकरीचा अर्ज दिसतोय. कुणाचा आहे?"

"माझा आहे म्हणावं!" पलंगावर डोळे मिटून पडलेल्या सासूबाई मोठ्याने म्हणाल्या. "घरी बसून कंटाळा येतो मला."

"उद्या दहा वाजता बोलू," साहेब म्हणाले.

फोन बंद झाल्यावर तिने कपाळाला हात लावला. "आई, अर्जाखाली नाव माझं होतं हो."

"मग? आडनाव तर एकच आहे ना आपलं."

हसू आलं, पण संध्याकाळी घास काही उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला तिने मशीन सुरू केलं. पुसलेला अर्ज पुन्हा लिहून पाठवायचा अजून राहिलाच होता. हातात औषधाची बाटली, एक पाय पलंगाकडे, एक टेबलाकडे. दोन्ही नावं समोर आली. दहा. नऊ.

सासूबाईंनी हात पुढे केला आणि बाटली काढून घेतली.

"डोळे कुठे पळून जात नाहीत माझे. तू आधी माहेरी जाऊन ये."

स्क्रीनवर चार उरले होते.