धुऱ्यावरचं निंदण

वामनरावांनी बादली वर्गातल्या टेबलावर ठेवली, वरचं पोतं काढलं आणि हात झटकत दोन पावलं मागे सरकले. अतिया मॅडमनं आत पाहिलं. ओढणी नाकाकडे कधी गेली, ते तिलाही कळलं नाही.

बादलीत कोळी होते. हाताच्या पंजाएवढे, मातकट, केसाळ. उकळत्या पाण्यानं मेलेले. पाय पोटाशी आवळून एकमेकांत गुंतले होते, अंगावरचे केस भिजून चिकटले होते. दोन-चार पोटं फुटून त्यांतून पिवळट काहीतरी आलं होतं. काल रविवारभर बादली उन्हातच राहिली असावी. तो वास नाकात थांबत नव्हता, सरळ घशात उतरत होता.

"तेवीस निंगाले," वामनराव म्हणाले. "मी अन् माही नात, दोघंच होतो. दिवस गेला पुरा."

नात म्हणजे सातवीतली अर्पिता. ती आजोबांच्या बाजूला ताठ उभी होती. "मॅडम, निळा एकबी नाही मेला. बिळात पाणी सोडलं का तो बाहेर येते. मंग उन्हात पाह्यचं. पाय निळे चमकले तं सोडून द्याचा. नाही चमकले तं उकळत्या पाण्याच्या बादलीत."

वर्गाच्या भिंतीवर त्या निळ्याचा मोठा फोटो होता. काळसर अंग, पायांवर निळी झाक, एखाद्या रेशमी धाग्यासारखी. खाली अतियानंच ठळक अक्षरांत लिहिलं होतं : 'हा आपल्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर राहतो. याला जपा.'

"मॅडमनं जीव तोडून सांगतलं, तं आपनबी कराव म्हनलं," वामनराव वर्गाकडे वळून बोलू लागले. "पऱ्हाटीत गवत माजलं तं झाड वाढन काय? निंदण कराच लागते. तसंच हे. हे मातेरं निंदून टाकलं, आता निळ्याले जागा झाली."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "मॅडम, बेसन लावा, भजे होतात!" आणि अख्खा वर्ग नाक धरून हसला.

तोंडात आलेलं आंबट पाणी अतियानं तसंच गिळलं. 'शाब्बास' म्हणावं, बादली मागच्या खड्ड्यात पुरायला सांगावी, साबणानं कोपरापर्यंत हात धुवावेत. एवढंच तिला हवं होतं.

"उद्या नाल्याकडचा धुरा घेतो," वामनराव पोतं झटकत म्हणाले. "तिकडं लय हायेत."

नाल्याकडचा धुरा. गावातले बाकीचे धुरे ट्रॅक्टरनं कधीच सपाट केले होते. वामनरावांचा काल साफ झाला. आता तेवढा एकच उरला होता.

अतियानं कपाट उघडलं. हजेरीच्या जुन्या वह्यांखालून तिनं एक अर्धा कागद ओढून काढला. आताही तो तिनं कोपऱ्याला, दोन बोटांतच धरला होता. त्यावर बादलीतल्यासारखाच एक मातकट, केसाळ कोळी होता.

अर्पितानं कागद हातात घेतला, न सांगता भिंतीकडे नेला आणि निळ्याच्या डाव्या कडेला लावून पाहिला. कापलेल्या कडा तंतोतंत जुळल्या. एकच कागद होता तो. तिनं मातकट फोटोखालची बारीक ओळ मोठ्यानं वाचली : "दोन्ही फोटोंत एकच मादी. या फोटोत कात टाकण्याआधी, शेजारच्या फोटोत कात टाकल्यावर."



"नवी कातडी चमकते," अतिया म्हणाली. नेहमी शिकवायची तशीच सावकाश बोलत होती. "महिने गेले की ती मळते, मातकट होते. पुन्हा कात टाकली की पुन्हा निळी. मादी असेल तर पंधरा-पंधरा वर्षं जगते. नाल्याकडे जाऊ नका, वामनराव. बादलीतले हेसुद्धा... हे सगळे निळेच होते."

वामनरावांनी बादलीत हात घातला आणि वरचा कोळी उचलून खिडकीतल्या उजेडात धरला. त्या मादीनं पोटाशी एक गोळा आवळून धरला होता, बोंडातून नुकत्या काढलेल्या कापसासारखा पांढरा. उकळत्या पाण्यातही सोडला नव्हता. वामनरावांनी बोटानं तो जरा दाबला. आत बारीक बारीक अंडी होती. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा टेबलावर पसरला आणि तिला त्यावर ठेवलं.

"असं होतं तं मंग कागद कापला काहून?" त्यांनी विचारलं.

भिंतीवर जागा नव्हती, असं सांगता आलं असतं. अतियाच्या ओठांवर ते आलंही होतं. पण वर्गातले चाळीस चेहरे तिच्याकडे पाहत होते.

"मला किळस येत होती," ती म्हणाली. "रोज डोळ्यांसमोर तो मातकट नको वाटला. चांगला दिसतो तेवढाच लावला."

अर्पिता अजून भिंतीला कागद धरून उभी होती. तिनं मान वळवली नाही.

"किळस तं मलेबी येत होती, मॅडम," ती म्हणाली. "दोन डाव ओकली मी. तरी निळे सारे हातानंच उचलून बाजूले ठेवले."