पाटीभर मुरूम

ओमानमधला बोडका डोंगर. भाजी चिरायचा चाकू. पाटीभर मुरूम.

मलिहाने सासरहून, ओमानहून, फोटो पाठवला होता: खडकाच्या फटीत रानचं अडेनियम, म्हणजे वाळवंटी गुलाब, फुलांनी डवरलेलं. 'अम्मी, याले इथं कोणीच पाणी घालत नाही.' तिनं माहेरी ठेवलेलं त्याच जातीचं झाड आई जहांआराच्या रोजच्या तांब्याभर पाण्यानं कुंडीत सडत होतं. जहांआराने ते उपटलं, सडकी मुळं कापली, चार दिवस सावलीत सुकवलं आणि मुरमात रोवलं.

"गोटे पेरून राह्यली का?" तिचा नवरा फकीर मोहम्मद हसला. "अन् पोरीले रोजचा दुपारचा फोन नाही लावला आज?"

"आता दर जुम्म्यालेच लावीन. तिलेही मुळ्या धरू द्या."

मलिहा जाताना कुंडीवर खडूने लिहून गेली होती: पाणी आठवड्यातून एकदाच.