तीनदा नको

ड्रॅगन पुन्हा उडाला. मुलाची तलवार त्याच्या मानेवर पडणार, तेवढ्यात सुनेनं ड्रॅगनलाच टेबलावरून उचललं आणि फ्रिजवर नेऊन ठेवलं.

"जखमी झाला, डोंगरात पळाला," ती म्हणाली. "आता पुढच्या रविवारी."

"अगं, काय हे! दर वेळी?" मुलगा ओरडला आणि हसलासुद्धा. जाड्या, म्हणजे मुलाचा ऑफिसातला मित्र, कपाळाला हात लावून बसला. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून आई बघत होती आणि तिचा नुसता जळफळाट होत होता.

कसला मेला खेळ तो! म्हणे एक तलवारबाज, एक मांत्रिक, आणि फासे टाकून लढाई. गोष्ट सांगणार सून, ड्रॅगन चालवणारही सूनच. ती कवळ्या बनवणाऱ्यांकडे कामाला होती. तिथल्याच प्लॅस्टरचा तिनं ड्रॅगन ओतला होता आणि हिरड्यांच्या गुलाबी रंगानं त्याची जीभ रंगवली होती. मुलगा त्या ध्यानाकडे असा टक लावून बघायचा, की लग्नानंतर सख्ख्या आईकडे एकदा तरी तसं बघितलं असेल तर शपथ! पूर्वी रविवार आईचा असायचा. मायलेक मिळून भाजी आणायची, गाडी धुवायची, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नकला करून हसायची. आता काय, तर आई, टेबल जरा मोकळं कर, आम्हाला खेळायचंय.

ड्रॅगन मेला की खेळ संपला, असं मुलगाच एकदा बोलता बोलता म्हणाला होता. म्हणजे रविवार परत आईचा. आणि ही बया त्याला मरूच देत नव्हती. का देईल? नवरा मुठीत ठेवायची युक्ती आयती सापडली होती.

पुढच्या रविवारी आईनं खुर्ची ओढली. "मी पण खेळणार."

सुनेचा चेहरा पडला. आईला फार बरं वाटलं.

"आई, तुला जमेल?" मुलानं विचारलं.

"लोकांना गाडी शिकवत जन्म गेला माझा. नवशिक्यांच्या शेजारी बसून अजून धडधाकट आहे. ड्रॅगनचं काय घेऊन बसलास!"

तिला जादूगारीण करण्यात आलं. जाड्यानं नियम सांगितले. ड्रॅगनवर जादू टाकली की त्याला ती झिडकारता येते, पण एका लढाईत तीनदाच. आणि हे दोघे शहाणे काय करायचे? सगळ्यात जबरी जादू आधीच टाकायचे. ती वाया जायची. मग ड्रॅगन घायाळ होईपर्यंत ह्यांची जादू संपलेली आणि त्याचे पंख मोकळे.

आईला हसूच आलं. तिनं सुनेला दोन वर्षं जितकं निरखलं होतं, तितकं कुणी वैऱ्यालाही निरखत नाही. जेवताना काही वाढायला जावं, तर ही तीनदा नको म्हणणार. भूक असली तरी नको. चौथ्यांदा मुकाट घेणार. आईला त्याचाही राग होता.

"मोठी जादू शेवटी," ती दोघांना कानात म्हणाली. "आधी फुटकळ टाकायच्या. पण तोंडं अशी करायची, की जगबुडी आली. आणि घोळका करून उभे राहू नका रे, एका फुंकरीत तिघंही भाजून निघू. तू डावीकडे जा, जाड्या, तू मागे."

लढाई सुरू झाली. आईनं थरथरत्या आवाजात ड्रॅगनला शिंक आणली.

"झिडकारली," सून घाईघाईनं म्हणाली.

जाड्यानं डोळे फिरवत धूळ उडवली. "झिडकारली!" आईनं ड्रॅगनच्या पायात गोळा आणला. तेही झिडकारलं. मुलगा तेवढ्यात दोन वार करून मोकळा झाला. सुनेचा हात ड्रॅगनला उचलायला पुढे आला.

"थांब गं," आई गोड आवाजात म्हणाली. "मी त्याचे पंख गोठवते."

सुनेनं तोंड उघडलं आणि मिटलं. नको म्हणायची सोय उरली नव्हती. फासे डब्याच्या झाकणात खणखणले. पंख गोठले. मुलानं तलवार चालवली आणि ड्रॅगन एकदाचा आडवा झाला.

मुलानं आईला चक्क उचललं. "आई, तू वाघीण आहेस वाघीण!" त्याच्या खांद्यावरून तिनं सुनेकडे बघितलं. बघ म्हणावं, कुणाचा आहे तो. सून मान खाली घालून फासे गोळा करत होती.

"चला, म्हणजे तुमचं जायचं नक्की झालं," जाड्या म्हणाला. "उद्याच साहेबांना सांगतो."

"कुठे जायचं?" आईनं विचारलं.

मुलानं तिला खाली ठेवलं. तो चाचरला. "पुलाचं काम आलंय, आई. खूप लांब. चारपाच वर्षं तरी. तुला सांगणारच होतो गं. पण ही ऐकेना. आईंना एकटं टाकून मी यायची नाही, म्हणाली. रोज भांडण. शेवटी पैज लावली आम्ही. ड्रॅगन मेला तर जायचं. तो जिवंत आहे तोवर घर सोडायचं नाव काढायचं नाही."

आई मटकन खुर्चीत बसली. सुनेनं डोळे पुसले, तरी ते पुन्हा भरून आले.

"आई," ती म्हणाली, "निदान तुम्ही तरी माझ्या बाजूनं खेळायचं होतंत."