अर्धा किलो

महाडला डायलिसिसला बसण्याआधी महिपत वजनकाट्यावर चढला. "एकावन्न," समीक्षा सिस्टरने वाचलं. "बघ गो, भरलो की नाय!" तो बायकोला, आवडीला म्हणाला. आता वजन उतरता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावल्यापासून तिला घास गिळवत नव्हता. ती हसली. तो खाटेकडे वळल्यावर मात्र सिस्टरच्या कानाशी लागली.

"बाय, अर्धा किलो कमी लिव. सदऱ्याखाली कमरेला कोयता हाय. नायतर वजन बघून मशीन अंगातलं जास्त पाणी खेचेल, नि मागल्या खेपेसारखे यांच्या पायांत गोळे येतील."

"मग काढून ठेवायला सांगते ना त्यांना."

"नको गो. मला दोन घास जावेत म्हणून बांधतात ते."