राग कमी पडला

“बाप पळून गेला तुहा. तुह्या मायले तो धरता नाही आला, तू कोणाले धरशील?”

राजदीप सर भर मैदानात बोलले. बाकीच्या पोरी फिदीफिदी हासल्या. राखीच्या अंगाची आग आग झाली. बापाचं एक वेळ जाऊ दे, पण तिच्या याडीले कायले मधात आणता? तांड्यावरून पहाटं उठून, भाकर बांधून पोरीले एसटीत बसवणारी माय होती ती.

सरचा मंतरच तसा होता. पोरगी पेटली की पळते! चार वर्षांपासून दर शर्यतीआधी ते तिले असंच पेटवत, अन् ती पळतानाही कडेनं बोंबलत राहत. पहिल्या फेरीत राखी खरंच सगळ्यांच्या पुढं राहे. तिसऱ्या फेरीत दात आवळून आवळून जबडा दुखे, खांदे वर चढत, दम तुटे. नेरच्या शर्यतीत दुसरी. राळेगावले तिसरी.

“राग कमी पडला तुहा,” सर म्हणत.

आज जिल्ह्याची पंधराशे मीटर होती. पहिली येईल ती एकटीच अमरावतीले जाणार, अन् पुढच्या वर्षी राखीचं वय बसत नव्हतं.

ती बॅगपाशी जाऊन आली, रेषेवर उभी राह्यली. पंचाचा झेंडा खाली पडला.

पहिल्या फेरीत ती सहावी होती. दोरीपाशी सर हात नाचवत होते, गळ्याच्या शिरा टरारून फुगल्या होत्या. राखीनं तिकडं पाह्यलंच नाही. तिले आपला श्वास ऐकू येत होता. दोन पावलं आत, दोन पावलं बाहेर. खांदे खाली. तिसऱ्या फेरीत पुढच्या पोरींचे पाय जड झाले. एकेक करून पाचही जणी मागं पडल्या.

रेषा पार झाली तशी सर धावत आले. वेळ घेणाऱ्या विमलताईंसमोर त्यांनी राखीची पाठ थोपटली.

“मागच्या बारीपेक्षा नऊ सेकंद कमी लागले हिले!” विमलताई म्हणाल्या.

“मंग! आज मायवरच गेलो ना तिच्या,” सर हासले. “या पोरीले असंच पेटवा लागते.”

राखी दोघांच्या तोंडाकडं पाहत राह्यली. मंग तिनं दोन्ही कानांतून कापसाचे बोळे ओढून काढले अन् सरच्या हातावर ठेवले.

“ताई, वेळ पुन्हा सांगा जी,” ती म्हणाली. “रेषेवर उभी राह्यल्यापासून मले काहीच ऐकू नाही आलं.”