चुकलेल्या टाळ्या

इंग्लंडमधल्या केटरिंग गावातल्या पबच्या मागच्या खोलीत म्हातारे चाहते दर रविवारी दुपारी तीच तबकडी लावत. त्र्याहत्तर सालची मैफल, एका अख्ख्या बाजूला एकच लांबलचक गाणं. मध्यावर बँड अचानक थांबतो. गाणं संपलं असं समजून एकटाच माणूस टाळ्या वाजवतो आणि सगळं सभागृह त्याला हसतं.

तो माणूस म्हणजे हिलरीचा नवरा क्लाइव्ह. तो गेल्यावर त्याचा दुसरा कुठलाच आवाज तिच्याकडे उरला नव्हता.

"ड्रमर बदलला आणि बँड मेला," नॉरिस म्हणाला.

"तुला त्यांचा ऑर्गन कधी कळलाच नाही," गॉडफ्री म्हणाला. "आता गप्प बस. हिलरी, आपला येडा येतोय बघ."

बँड थांबला. टाळ्या आल्याच नाहीत.

"झिजली असेल तबकडी," नॉरिस पुटपुटला.

गॉडफ्रीने जपून ठेवलेली, कधीच न वाजवलेली दुसरी प्रत आणून लावली. बँड पुन्हा तिथेच थांबला. या वेळी टाळ्या तर नाहीतच, पण गाणंही पुढे सुरू होईना. सुई सरकत होती आणि शांतता लांबत होती.

"वाजव ना रे, क्लाइव्ह," हिलरी म्हणाली. "एकदाच."

शेवटी न राहवून तिनेच टाळ्या वाजवल्या, अगदी त्याच्यासारख्या, जोरजोरात.

स्पीकरमधलं सभागृह तिला हसलं. आणि त्या हशात, सगळ्यांत जवळून, दम लागेपर्यंत क्लाइव्ह हसत होता.